उपग्रहावरून शेळ्या हाकायच्या कशा

पाण्याचं नियोजन तुमच्या गळ्यात पडलंय आणि तलाव आटत चाललाय? टेन्शन घेऊ नका. फक्त तलावावर जाऊ नका. तिथे चिखल असतो आणि चिखलात एक मोजपट्टी उभी असते, वरचे आकडे उन्हाने पुसट झालेले, खालचे शेवाळाने झाकलेले, आणि पाणी पट्टी सोडून पार हातभर खाली गेलेलं, ते एकदा डोळ्यांनी बघितलं की झोप लागत नाही. पूर्वी उंटावरून शेळ्या हाकायचे, आता त्याहून उंच सोय झालीय.

सुरुवात फुकटातून करा. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांचे फोटो १९७२ पासूनचे आहेत आणि २००८ पासून कुणालाही मोफत मिळतात. पाणी अवरक्त किरण गिळून टाकतं म्हणून त्या बँडमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या त्या पट्ट्यात, काळंशार दिसतं, हिरवा बँड आणि हा बँड यांचं थोडं वजाबाकी-भागाकार केलं की पाणी आपोआप वेगळं निघतं, दुपारभरात जमेल. डोंगराची सावलीही कधीकधी पाणी म्हणून मोजली जाते, जाऊ द्या, साठा वाढला. उलट तलावभर जलपर्णी माजली असेल तर कॉम्प्युटरला तिथे हिरवंगार शेत दिसतं. ते दुरुस्त करत बसू नका, लागवडीखालचं क्षेत्र वाढलं असं लिहा.

पावसाळ्यात 'ढग होते' एवढं पुरतं. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचा रडार ढगातून आरपार बघतो हे मीटिंगमध्ये कुणाला माहीत नसतं, तुम्ही कशाला सांगताय.

आता भूजल. इथे खरी मजा आहे. ग्रेस नावाचे दोन उपग्रह २००२ मध्ये सोडले, एकामागे एक, मध्ये साधारण २२० किलोमीटर. खाली वजन जास्त असलं की पुढचा आधी खेचला जातो, मग मागचा, आणि त्यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी बदललं तरी ते मोजता येतं, म्हणजे जमिनीखालचं पाणी अक्षरशः तराजूत टाकल्यासारखं. (२०१७ ला ती जोडी थकली, २०१८ ला नवी गेली.) याच मोजमापावरून २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की राजस्थान, पंजाब, हरियाणा पट्ट्यात २००२ ते २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल संपलं. आकडा जगभर गाजला. पंपांनी बहुतेक वाचला नसावा.

पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. ग्रेसला शे-दोनशे मीटर दिसत नाहीत, त्याचा ठिपका तीनेकशे किलोमीटरचा. कुणी विचारत आलं की माझी विहीर का कोरडी पडली, तर शांतपणे नकाशावरचा पाणी घटल्याचा तो भलामोठा लाल डाग दाखवा. त्यात त्याची विहीरही आहे आणि शेजाऱ्याचे चार बोअरही आहेत, सगळे सारखेच लाल, कुणाचंही नाव घ्यावं लागत नाही. असा नकाशा लाख रुपये देऊनही मिळायचा नाही.

याच्या अगदी उलट ते उष्णतेचे फोटो. भरपूर पाणी प्यायलेलं शेत आजूबाजूपेक्षा थंड दिसतं, त्यावरून किती पाणी उडून गेलं याचा शेताशेताचा हिशोब निघतो, आणि मग आख्खं रान तापलेलं असताना मधेच एक थंडगार चौकोन का आहे आणि तो कुणाचा आहे हे शेंबडं पोरही सांगेल. याच्या नादी लागू नका. लागलातच तर अख्ख्या खोऱ्याची सरासरी काढा, चौकोन विरघळून जातो.

डिसेंबर २०२२ मध्ये स्वॉट म्हणून आणखी एक उपग्रह गेलाय, तो थेट पाण्याची उंची मोजतो. साधारण अडीचशे मीटर लांब-रुंद तलावापासून पुढे त्याचं काम. तुमचा तलाव त्याहून छोटा असेल तर नशीब काढलंत, नसेल तर आटू द्या थोडा.

मग डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे-नकाशे एकाच स्क्रीनवर. पूर्ण वेळ इथे द्या. आमच्या एका मीटिंगमध्ये निळ्याची कुठली छटा घ्यायची यावर चाळीस मिनिटं गेली होती, तेवढ्या वेळात कुणीही जाऊन झडप बंद करून आलं असतं, पण झडपेचा स्क्रीनशॉट चांगला येत नाही.

एवढं करूनही तो मोजपट्टीवाला माणूस कधीतरी टपकणारच, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मोबाईलमध्ये पट्टीचा फोटो, तारीख-वेळेसकट. त्याला बसवा, चहा द्या आणि सांगा की फोटो चालत नाही, एक्सेलमध्ये पाठव.