खावचो नाय, तर आणलंस कित्याक?

न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या तळघरात 75 गॅलनची, म्हणजे साधारण 284 लिटरची काचेची टाकी आहे. तिच्यात खारं पाणी, जिवंत प्रवाळ, दोन क्लाउनफिश आणि माझी तीन वर्षांची बचत आहे. एवढं असून काहीतरी कमी आहे, आणि ते म्हणजे तारामासा, असं एका शुक्रवारी रात्री माझ्या मनात आलं. माणसाच्या मनात असलं काही आलं की घरच्यांनी त्याला लवकर झोपवावं. आमच्याकडे कोणी झोपवलं नाही.

शनिवारी दुकानात गेलो. सोबत आई होती. सहा महिन्यांसाठी मालवणहून आलेली, आणि मासे विकणारं दुकान म्हटल्यावर उत्साहाने पिशवी घेऊन निघालेली.

पहिल्याच टाकीत चॉकलेट चिप जातीचा तारामासा होता. बिस्किटी अंगावर काळपट टेंगळं, अगदी बेकरीतून आणून सोडल्यासारखा. किंमतही बेताची. पण हा गडी प्रवाळ खातो. तेही कसं, तर स्वतःचं पोट तोंडातून बाहेर काढतो, प्रवाळावर पसरतो, तिथल्या तिथे पचवतो आणि पोट परत आत घेतो. ताटावर तुटून पडणारी माणसं मी लग्नात पाहिली आहेत, पोटच ताटात वाढणारा हा पहिलाच.

दुसरा वाळूत राहणारा. वाळू छान चाळून ठेवतो, असं दुकानातला मुलगा म्हणाला. ठेवतो खरा, कारण वाळूतले बारीक जीव वेचून खातो. आमच्याएवढ्या टाकीतली वाळू तो काही महिन्यांत साफ करणार आणि मग स्वच्छ वाळूवर उपाशी मरणार. त्याला बघताच आईने ओळख दाखवली. "हे आमच्या रापणीत ढिगान येतत. आमी टाकून दितंव." जे मालवणच्या किनाऱ्यावर कोणी फुकट नेत नाही, त्याच्या भावकीतल्यासाठी मी पाकीट काढलं होतं. ते गुपचूप आत ठेवलं.

तिसरा हिरवा, सापासारख्या लांब हातांचा ब्रिटल स्टार. चिवट, काहीही खाणारा. त्या 'काहीही'त मासेही येतात. रात्री हा हात टेकून अंग उचलतो आणि छानपैकी मांडव घालतो. एखादा भाबडा मासा आडोसा समजून आत झोपायला आला, की मांडव मिटतो. माझ्या दोन क्लाउनफिशकडे पाहून मी पुढे सरकलो.

आणि मग दिसला निळा लिंकिया. शाईच्या दौतीत बुडवून काढावा तसा निळा. चाळीस डॉलर.

"हा काय खातो?" मी विचारलं.

"खडकावरचं असतं ना काहीतरी," मुलगा म्हणाला.

त्या 'काहीतरी'तच सगळी मेख होती, पण निळ्या रंगापुढे माझी विचारशक्ती संपली होती. आईने पिशवीत डोकावून पाहिलं.

"खावचो नाय, तर आणलंस कित्याक?"

घरी आल्यावर खरी परीक्षा. तारामाशाला रक्त नसतं. समुद्राचंच पाणी अंगातल्या नळ्यांतून खेळवून तो त्यावर चालतो. त्यामुळे पाण्यातलं मीठ एकदम कमीजास्त झालं की त्याचा कारभार आटोपतो. त्याला हवेत उचलायचंही नाही. म्हणून पिशवीतल्या पाण्यासकट त्याला बादलीत ठेवलं, टाकीतून बारीक नळी आणली, तिला गाठ मारली आणि थेंब थेंब पाणी सोडलं. गाठ सैल केली की धार, आवळली की बंद. उपड्या डब्यावर बसून मी चार तास गाठ राखली. मधूनमधून खारटपणा मोजायचा, तो टाकीतल्या पाण्याएवढा झाला की सुटका. वर पाहुणे जेवून गेले. बायको पुण्याची, त्यामुळे ती ओरडली नाही. "जेवण झाकून ठेवलंय" एवढंच म्हणाली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. आई जिन्यावरून वाकली. "सलायन लावलंस? ताप इलो काय तेका?"

गणपतीत आणलेला तो. काचेवर चिकटून तासन् तास बसायचा, खालून शेकडो पारदर्शक पाय झुलायचे, आणि मी खुर्ची टाकून बघत बसायचो. जावयालाही करणार नाही एवढी सरबराई केली. त्याच्यासमोर कोळंबीचा तुकडा ठेवला, वाळलेलं शेवाळ ठेवलं. त्याने कशालाही तोंड लावलं नाही. दिवाळीच्या सुमारास एका हाताचं टोक पांढुरकं झालं. फराळ संपायच्या आत तो गेला, उपासमारीने, भरल्या घरात.

नोव्हेंबरात एका रात्री आई म्हणाली, "तुझो मेलो तेची पोरां इली बघ."

काचेवर नखाएवढे करडे तारे होते. अ‍ॅस्टरीना. खडकाबरोबर फुकट आलेले. एकाचे दोन पाय लांब आणि चार बारके, कारण ही जात मधूनच फाटून दोन होते आणि उरलेले पाय नंतर उगवते. आईने अठ्ठावीस मोजले. चार तास सलाईन लावलेला राहिला नाही, आणि ज्यांना कोणी विचारलं नाही त्यांचा गाव वसला. पुढच्या आठवड्यात बटणांसारखे प्रवाळ कुरतडल्यासारखे दिसू लागले.

दुकानातल्या मुलाकडे उपाय होता. हार्लेक्विन कोळंबी, पांढऱ्या अंगावर जांभळट ठिपके, पंख्यासारख्या नांग्या. ही तारामाशांखेरीज काही खातच नाही. आणली. तिने तीन आठवड्यांत गाव उठवला, आणि मग काचेपाशी येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली.

म्हणून काल पुन्हा त्याच दुकानात. या वेळी निवडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चॉकलेट चिप, सगळ्यात स्वस्त. आईची बॅग भरून झाली होती, तरी ती सोबत आली होती. पिशवीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हो कित्याक?"

"खायला," मी म्हणालो.

"आता कसो शाणो झालंस!"