चोर सोडून मोटरला फाशी

‘बंद पडलेला जुना रेकॉर्ड प्लेअर १० मिनिटांत दुरुस्त करा’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. सल्ले सहा. वेग मंदावला की मोटर गेली, ती बदला. जे अडकतं त्यावर गंजावरचा स्प्रे मारा. सैल बेल्ट उकळत्या पाण्यात घाला. सुई उड्या मारत असेल तर ती धरणाऱ्या दांडीवर, म्हणजे आर्मवर, नाणं ठेवा. आवाज बारीक येत असेल तर कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला तो छोटा भाग, संपलं. आणि थोडा धूर निघाला तर घाबरू नका, आतली जुनी धूळ जळते. पहिल्या पाचांवर मी हसून सोडलं असतं. सहावा वाचला आणि लिहायला बसलो.

आधी मोटर, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. बेल्टवर चालणाऱ्या अनेक जुन्या यंत्रांत सिंक्रोनस एसी मोटर असते. तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. म्हातारी झाली म्हणून ती पाच टक्के हळू फिरू लागली, असं होत नाही. जोर कमी पडलाच तर ती अडखळते, गुरगुरते, थांबते. मोटर नीट फिरते आहे आणि गाणं मात्र रेंगाळतं आहे, तर चोर मोटर आणि तबकडीखालची फिरती थाळी यांच्या मधे कुठेतरी लपलेला असतो: घसरणारा बेल्ट, तेलकट पुली, किंवा थाळीच्या मधल्या बेअरिंगमध्ये सुकून चिकट झालेलं तेल.

बघायची रीत सोपी आहे. प्लग काढा, बेल्ट काढा, थाळीला हाताने गिरकी द्या. ती बराच वेळ, आवाज न करता फिरली पाहिजे. दोन-चार फेऱ्यांत थांबली तर बेअरिंग उघडून पुसा आणि हलकं तेल घाला. आता मोटरचा आस दोन बोटांनी फिरवून पाहा. जड लागला तर तिच्या सच्छिद्र ब्राँझच्या बुशांमधलं तेल आटलेलं असतं. थोडंसं हलकं मशीन तेल मुरू दिलं की ती बहुधा पुन्हा जिवंत होते. मोटर खरोखर गेली हे केव्हा म्हणायचं? मल्टिमीटरवर आतल्या तारेचं वेटोळं तुटलेलं दिसलं तर. तो प्रकार घडतो, पण कमी.

वेग का मंदावतो याचं आणखी एक उत्तर त्या मजकूर लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. परदेशातल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी घडवलेली पुली आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर चालवली तर ३३⅓ फेऱ्यांच्या जागी मिनिटाला साधारण २७.८ फेऱ्या पडतात. म्हणजे काळी तीनमधलं गाणं काळी दोनमध्ये येतं. कुठेही बिघाड नाही, फक्त पुली बदलायची! डीसी मोटर असेल तर वेग ठरवणारा छोटा स्क्रू किंवा सर्किटमधले जुने कपॅसिटर तपासावे लागतात. आणि डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रात, म्हणजे मोटर थेट थाळीच फिरवते अशा यंत्रात, उदाहरणार्थ १९७२ साली आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० मध्ये, बेल्टच नसतो. त्याच्या मालकांनाही बेल्ट उकळायला सांगणारा हा मजकूर गेला असेलच.

वेग मोजायला कागदावर छापलेली स्ट्रोब चकती पुरते. ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली १८० रेघांची आणि ६० हर्ट्झला २१६ रेघांची चकती ३३⅓ वर स्थिर उभी दिसते. बरेच एलईडी दिवे लुकलुकत नाहीत, तिथे हा खेळ फसतो.

आता स्प्रे. गंजावर सहसा मारतात त्या डब्ल्यूडी-४० मधला ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणारा. गंजलेल्या नटासाठी तो उत्तम. पण बेअरिंगमध्ये तो आधीचं तेल धुऊन नेतो, स्वतः बराचसा उडून जातो आणि रबराला लागला तर घसरण सुरू होते. हे मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे. आयडलर चाक (काही यंत्रांत बेल्टऐवजी थाळी फिरवणारं रबरी चाक) करकरत होतं म्हणून एक फवारा मारला. करकर थांबली, आणि थाळीही थांबली. ते चाक, पुली आणि थाळीची आतली कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. आपोआप उचलणाऱ्या-परतणाऱ्या आर्मची यंत्रणा अडकते तेव्हा खरं दुखणं बहुतेकदा जुनं ग्रीस असतं. ते डिंकासारखं घट्ट होतं. ते खरवडून, अल्कोहोलने पुसून, सरकणाऱ्या भागांवर नवं लिथियम ग्रीस अगदी पातळ लावायचं. गाणं संपलं हे ओळखणारी हलकी खिट्टी मात्र कोरडीच ठेवायची. तिथे तेलाचा थेंब पडला की आर्म शेवटच्या खाचेत घरघरत बसतो. ड्युअल कंपनीच्या अनेक यंत्रांत आर्म आपोआप सरकवण्यासाठी रबराचं एक इवलंसं टोक असतं; ते झिजून भुगा झालं की सगळी यंत्रणा रुसते. त्यावर कुठला स्प्रे चालणार?

उकळलेला बेल्ट थोडा आक्रसतो, हे खरं. तात्पुरतं काम होतं, मग तो पुन्हा सैलावतो. योग्य मापाचा नवा बेल्ट घ्या. घरातलं रबरबँड चालत नाही. त्याची जाडी सारखी नसते आणि लांबवलेला सूर डचमळतो.

नाण्याचा सल्ला मात्र तबकड्यांच्या जिवावर उठतो. मूव्हिंग मॅग्नेट या नेहमीच्या प्रकारच्या कार्ट्रिजच्या सुईचा भार साधारण दीड ते दोन ग्रॅम असतो. कार्ट्रिजच्या डोक्यावर नाणं ठेवलं की भार दुप्पट-तिप्पट सहज होतो आणि सुई खाचेच्या भिंती खरवडू लागते. उडी का पडते ते शोधा: सुईच्या टोकावरची धूळ, झिजलेला हिरा, बिघडलेलं अँटीस्केट (आर्मची आत ओढली जाण्याची ओढ तोलणारी सोय), आर्मच्या बेअरिंगमधला अडथळा, किंवा मागे ताणलेली वायर. भार मोजायला छोटा तराजू मिळतो.

बारीक, खरखरीत, बासच नसलेला आवाज? आधी केबल कुठे खोचली ते पाहा. या कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात आणि तबकडी कापतानाच बास मुद्दाम कमी, उंच स्वर जास्त केलेले असतात. अँप्लिफायरचा फोनो इनपुट ते पुन्हा सरळ करतो. ऑक्स या साध्या इनपुटमध्ये खोचलं तर तसंच पिचकं ऐकू येणार. एकच बाजू मुकी असेल तर हेडशेलच्या, म्हणजे कार्ट्रिज बसवायच्या आर्मच्या टोकाच्या, चार पिना पुसा: पांढरी-निळी डावीकडची, लाल-हिरवी उजवीकडची.

राहिला धूर. धूळ जळत नाही. स्विचवर ठिणगी पडू नये म्हणून आडवा लावलेला कागदी कपॅसिटर असतो. वर्षांनी त्याच्या कवचाला भेगा पडतात, ओल शिरते आणि एक दिवस तो दुर्गंधी धूर सोडत फुटतो. काही वेळा तो शॉर्ट होतो, आणि मग बटण बंद करूनही थाळी फिरतच राहते. अशी थाळी दिसली तर बटणाशी झटापट करू नका, भिंतीतला प्लग ओढा. कपॅसिटर बदलताना एक्स-२ दर्जाचाच, म्हणजे मुख्य विजेवर लावण्यासाठी बनवलेला सुरक्षित प्रकारच, घ्या, आणि मुख्य विजेच्या वायरींना हात घालायची सवय नसेल तर हे एक काम जाणकाराकडून करून घ्या.