कोंबडीचा कंटाळा

कोकणात कुत्रा पाळावा लागत नाही, तो आपसूक पाळला जातो. उरलेला भात, माशाचं डोकं, पडवीत एक गोणपाट, की झालं. पण त्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मोकळ्या गावठी कोंबड्याही असतील, तर त्यांना एकत्र नांदवणं हे भावाभावांत सामाईक कलमांची बाग सांभाळण्याइतकं अवघड काम आहे.

आमच्या कुत्र्याचं नाव टायगर. मालवणकडच्या आमच्या वाडीत या नावाने हाक मारली की आणखी दोन-तीन टायगर धावत येतात, ते असो. आमच्या टायगरने पहिली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, तोंडात धरली आणि शेजारच्या काकीचा सल्ला गडग्यावरूनच, म्हणजे दगडी कुंपणावरूनच आला, "मेलली कोंबडी त्येच्या गळ्यात बांध. जल्मात परत बघूचो नाय."

"गुण येतो काय गो काकी?"

"आमच्या काळ्याच्या गळ्यात बांधललंय. सकाळी उठान बघतंय तर नुसती सुतळी."

मुळात कुत्रा भुकेपोटी कोंबडीमागे लागत नाही. रोखून बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकड ही साखळी त्याच्या रक्तातच असते आणि नुसत्या पाठलागातच त्याला भरून पावतं. त्यात कोंबडी पडली रानकोंबड्याची वंशज. पळणं, फडफडणं आणि सगळी वाडी डोक्यावर घेणं तिला शिकवावं लागत नाही. तेव्हा कुत्र्याला कोंबडीबद्दल माया शिकवण्यात अर्थ नसतो. त्याला तिचा कंटाळा यायला हवा.

यासाठी सकाळी टायगरला आधी समुद्रावर नेऊन यथेच्छ दमवायचं. मग लांब दोरी लावून त्याच्यासोबत गडग्याशी बसायचं, कोंबड्या खळ्याच्या पार त्या टोकाला. खरी मेख एका क्षणात असते. त्याचे कान पुढे येतात, शेपटी ताठ होते, पुढचा एक पाय अलगद उचलला जातो आणि लोंबणारी जीभ आत जाऊन तोंड मिटतं. हाक मारायची ती तेव्हा. एकदा धावत सुटल्यावर ब्रह्मदेवाने हाक मारली तरी ऐकू येत नाही. त्याने कोंबडीवरची नजर काढून आपल्याकडे बघितलं, की लगेच सुक्या बोंबलाचा तुकडा. जमलं तर दुसऱ्या दिवशी हातभर पुढे सरकायचं. बिघडलं तर पुन्हा गडग्याशी. घरात कुणी नसेल तेव्हा कुत्रा बांधलेलाच बरा, कारण हा वेडेपणा वर्ष-दीड वर्षाच्या वयापर्यंत काही पुरता उतरत नाही.

हे सगळं ठीक आहे. पण आमच्या घरात कोंबडीचा कंटाळा कुणाला आहे? आईचा डोळा राखणीसाठी, म्हणजे राखणदार देवाला द्यायला ठेवलेल्या तांबड्या कोंबड्यावर. मे महिन्यात चाकरमानी उतरतात. त्यांची पोरं कोंबड्यांमागे धावत सुटतात आणि टायगरचा महिन्याभराचा अभ्यास एका दुपारी धुऊन निघतो. भावोजी खळ्यात खुर्ची टाकून बसतात आणि कोंबड्याकडे बघत विचारतात, "किलोभर मटण तरी पडेल ना रे?" त्यांचेही कान तेव्हा किंचित पुढे आलेले असतात. टायगरने असं बघितलं तर मी "नाय!" म्हणून ओरडतो. भावोजींना कोण ओरडणार? वडे-सागोतीचा वास दरवळणाऱ्या घरात एका कुत्र्यानेच तेवढं विरक्त व्हावं, अशी आमची अपेक्षा.

बोंबलापेक्षा जास्त काम केलं ते खुडूक बसलेल्या कोंबडीने. एकवीस दिवस टोपलीत तप करून ती पिल्लं घेऊन बाहेर पडली आणि टायगर कुतूहलाने नाक पुढे करून गेला. तिने पंख फुगवून त्या ओल्या नाकावर अशी चोच मारली की तो थेट पडवीतल्या बाकाखाली. ती दिसली की तो अजूनही माडाला वळसा घालून जातो.

हळूहळू टायगर सुधारला. शेपटीशेजारी कोंबड्या माती उकरतात, अंगावर धूळ उडते, तरी तो डोळा उघडत नाही. गेल्या आठवड्यात भरदुपारी गडग्याच्या फटीतून मुंगूस आलं आणि त्याने एका तलंगेची मान धरली. ती किंचाळली तसा टायगर उठला. त्याने मुंगसाकडे बघितलं, तलंगेकडे बघितलं, मग नजर काढून माझ्याकडे बघितलं आणि बोंबलासाठी शेपटी हलवत बसला.

मुंगूस तलंगेला घेऊन पसार झालं. काकी गडग्यापलीकडे उभी होतीच.

"कुत्रो गुणाचो असा हां तुजो," ती म्हणाली.