टीव्ही काय एस.टी. असा?

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, भरल्या माजघरात, माझा व्हिडिओ गेममधला मारिओ पहिल्याच पातळीतल्या पहिल्याच खड्ड्यात गेला आणि मागच्या खुर्चीवरून निकाल आला, "झिला, तुजा वय झाला."

हा शेरा मला अजून पचलेला नाही. वय झालंच असेल तर ते टीव्हीचं झालंय, आणि उलट बाजूने झालंय: टीव्ही जितका नवा, तितका तो या खेळाला नालायक. हे मी तिथल्या तिथे आकड्यांनिशी सांगायला गेलो, पण समोर तात्या होते.

तात्या म्हणजे शेजारचे, एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. करूळ घाटात उभी हयात गेली. त्यांचं मत विचारावं लागत नाही. ते स्वतःहून सुटतं, वेळेच्या आधी.

"तात्यानू, वय नाय. हो टीव्ही उशीर करता."

"टीव्ही काय एस.टी. असा?"

माजघर हसलं. मोदकांचं सारण ढवळणारी वहिनीसुद्धा हसली. आता विषय तांत्रिक राहणार नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी नेटाने सुरू केलं.

तुम्हालाही सांगतो. मारिओचा खेळ सेकंदाला ६० चित्रं काढतो, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. पूर्ण वेगात पळणारा मारिओ दर चित्राला अडीच पिक्सेल सरकतो. वीट १६ पिक्सेलची. आता आजकालचा सपाट टीव्ही घ्या. तो आलेलं चित्र तसंच दाखवत नाही. आधी रंग भडक करतो, कडा टोकदार करतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरं चित्र घुसवतो. ते मधलं चित्र बनवायला पुढचं चित्र हातात यावं लागतं, म्हणून आधीचं दाबून ठेवतो. या सगळ्या नटण्यात १०० मिलिसेकंद सहज जातात. १०० मिलिसेकंद म्हणजे सहा चित्रं, सहा चित्रं म्हणजे १५ पिक्सेल, म्हणजे जवळजवळ एक अख्खी वीट. डोळ्यांना मारिओ काठावर दिसतो तेव्हा तो खरोखर एक वीट पुढे, हवेत असतो. आणि तो पहिला खड्डा रुंदीला आहे किती? दोन विटा.

जुन्या डब्बा टीव्हीत हे दुखणं नव्हतं. आलेला सिग्नल त्याच क्षणी पडद्यावर ओढला जायचा, साठवायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

तात्यांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मगे आदी दाब."

"काय?"

"उशीर करता ह्या तुका म्हायत असा ना? मगे बटण आदी दाब. घाटात ब्रेक मारलंय काय गाडी थयच उबी रवता? दोन हात फुडे जाता. ब्रेकाक प्ले आसता. डायवरान ता धरून चलाचा आसता. गाडयेक दोष देवचो नाय."

संताप याचा की ते बरोबर होतं. उशीर ठरावीक असेल तर हात तो शिकतो; खड्डे काही जागचे हलत नाहीत. पण हातोडे फेकणारे ते दोन भाऊ समोर आले की हा हिशेब संपतो. ते कधी फेकतील ते आधी कळत नाही, बघूनच उडी मारावी लागते, आणि बघायलाच उशीर झालेला असतो. आठव्या जगातल्या तिसऱ्या पातळीत तर ते जोडीजोडीने उभे आहेत. हे मी तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "समोर ट्रक इलो तर?" आणि मला पुढे बोलू न देता मूळ प्रश्नाला हात घातला.

"हो धावता कित्याक?"

"राजकन्येक सोडवूक."

"आनी ती खंय असा?"

"आठव्या किल्ल्यात."

"मगे आदल्या सात किल्ल्यांत कोन?"

मी सांगितलं की आधीच्या प्रत्येक किल्ल्याच्या शेवटी एक छोटा माणूस उभा असतो आणि तो मारिओचे आभार मानून सांगतो, राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे.

"म्हणजे तलाठी हापिस," तात्या म्हणाले. "सात वेळा सायब दुसऱ्या हापिसात. आनी तरीय ह्यो जाता? खराच शाणो असा."

मग खड्ड्यांचा विषय निघाला. खड्डा दिसतो तर बाजूला का घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाजू नाही, हा सपाट खेळ आहे, म्हटलं. मग थांब, म्हणाले, तुला काय टपाल पोचवायचंय? वर घड्याळ उलटं पळतंय ते दाखवलं, तर, "वेळ पाळूची आसता तर आदी सुटाचा." मुंबईहून आलेला मेहुणा हायवेवरचे खड्डे सांगू लागला, तेवढ्यात मी एक चूक सुधारायला खेळ मागे नेला. निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर झेडएल आणि झेडआर ही दोन्ही बटणं एकदम धरून ठेवली की खेळ मागे सरकतो, मेलेला मारिओ खड्ड्यातून वर येतो.

तात्या खुर्चीत सरळ झाले. "रिव्हर्स गियर असा? आनी तू तो वापरणस नाय? मी मोडक्या गाडयेतसून चाळीस मानसा न्हेलंय, एक पन दरीत पडाक नाय. तुका एक मिशाळो सांभाळूक जमणा नाय, तो पन रिव्हर्स गियर आसताना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण जुने खेळाडू या गियरला कमीपणाचं मानतात आणि त्याचं कारण आजवर कुणी धड सांगितलेलं नाही.

खेळ कुठला ते राहिलंच. 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स'. मूळ संच १९९३ सालचा, सुपर निन्टेन्डो या जुन्या कन्सोलसाठी काढलेला: १९८५चा पहिला मारिओ, दुसरा, तिसरा, आणि तोवर जपानबाहेर न आलेले 'लॉस्ट लेव्हल्स', सगळे नव्याने रंगवलेले. सप्टेंबर २०२० पासून तो स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात आहे. रंग सुंदर. साठवायची सोय आहे, जी पहिल्या मारिओत नव्हती. (लाईट गेली की सगळं गेलं. लाईट असताना नुसते सगळे जीव संपले तर मात्र एक वाट होती: सुरुवातीच्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं की त्याच जगाच्या पहिल्या पातळीपासून खेळता येतं. ही युक्ती आपल्यातल्या निम्म्या लोकांना तेव्हा कुणी सांगितली नाही आणि त्याचा राग मला वेगळा आहे.)

पण खेळ तोच नाही. मूळ खेळात डोक्याने वीट फोडली की मारिओ लगेच खाली येतो. ऑल-स्टार्समध्ये वीट फुटल्यावरही तो वरच जात राहतो. फरक एवढासा, पण विटांच्या ओळीखाली धावताना उडीचा सगळा ठेका चुकतो. १९९३ साली झालेला हा घोळ वी या कन्सोलवरच्या २०१०च्या आवृत्तीत तसाच आला, कारण तीत जुनाच खेळ तसाच्या तसा भरला होता, आणि स्विचवरही तोच आहे.

आता यात आपल्याकडचं त्रांगडं वेगळं. आपण लहानपणी खेळलो ते खरं निन्टेन्डो नव्हतंच. ती नक्कल होती, '९९९९९९९ इन १' अशी पिवळी कॅसेट लावायची, जिच्यात खरे खेळ मोजकेच आणि बाकी तेच पुन्हा वेगळ्या नावाने. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे. मारिओचा खेळ वेळ मोजतो तो चित्रांवर, सेकंदांवर नाही. तो ६०च्या हिशेबाने लिहिलेला खेळ ५०च्या यंत्रात घातला की सगळंच सहाव्या हिश्श्याने मंदावतं. वरचं ४००चं घड्याळ दर २४ चित्रांनी एकने उतरतं. ६०च्या यंत्रावर ते १६० सेकंदांत संपतं, ५०च्या यंत्रावर १९२ सेकंदांत. अशा नकलेवर वाढलेल्या माणसाला ४००च्या घड्याळाच्या प्रत्येक पातळीत अर्धा मिनिट जादा मिळालेला आहे, आणि आता अधिकृत संच हातात आला की तोच मारिओ २० टक्के जोरात पळतो. मागच्या खुर्चीला हे वय वाटतं.

तेव्हा उपाय. टीव्हीत 'गेम मोड' असतो तो चालू करा. बऱ्याच टीव्हींवर तो प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लावावा लागतो, म्हणून कन्सोल ज्या पोर्टला आहे तो आधी निवडा आणि मगच सेटिंगमध्ये शिरा, नाहीतर सेट टॉप बॉक्सला गेम मोड लागेल आणि मालिका फिक्या दिसतात म्हणून घरात वेगळं भांडण होईल. हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल, प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, ते शून्यावर आणा. दुकानातून आलेला 'व्हिव्हिड' मोड काढा. खेळाच्या अॅपमध्ये चित्र ४:३, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकाराचं ठेवा. जुन्या टीव्हीसारख्या ओळी दाखवणारा फिल्टर हवा तर लावा, दिसतं छान, पण उशीर त्याने कमी होत नाही. स्विचच्या जॉय-कॉन या कंट्रोलरच्या डाव्या बाजूला फुलीचं बटण नाही, चार सुटी बटणं आहेत. मारिओ त्यावरही जमतो, पण फुली असलेला कंट्रोलर मिळाला तर तोच घ्या. वायरने जोडा असं सांगणारे भेटतील. वाचणारा वेळ टीव्हीच्या उशिरापुढे चिल्लर आहे.

आणि कुणाकडे माळ्यावर खरी जुनी कॅसेट असेल तर तिच्यात फुंकू नका. सगळ्या कोकणाने फुंकलंय, मान्य. फुंकरीत ओल जाते, आणि इथल्या खाऱ्या हवेत तांब्याला गंज चढायला तेवढी पुरते. चालायची ती फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा घातल्यामुळे पिना नीट बसायच्या म्हणून. कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, वाळू द्या. बदकं मारायची ती बंदूक मात्र टाकून द्या. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो उजेड ठरावीक क्षणात शोधते. नव्या टीव्हीवर चौकोन येईपर्यंत तो क्षण गेलेला असतो.

आता थोडं कडू. लोक म्हणतात, जुना खेळ परत विकायला काय लागतं? काहीच लागत नाही, तेच तर रडगाणं आहे. 'सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स' १८ सप्टेंबर २०२० ला आला. तीन खेळ: १९९६चा ६४, २००२चा सनशाइन, २००७चा गॅलेक्सी. गॅलेक्सीचा दुसरा भाग नाही. ३१ मार्च २०२१ ला विक्री बंद. डिजिटल खेळाला शेवटची तारीख! जणू गोदामात नासणार होता. त्यात ६४चं चित्र ४:३ मध्येच राहिलं. कॅमेरा उलटा करण्याची साधी सोय नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये आली. सनशाइनमध्ये मूळ कंट्रोलरचा ट्रिगर अर्धा दाबला की मारिओ पळता पळता पाण्याचा फवारा उडवायचा, पूर्ण दाबला की मारिओ उभा राहून नेम धरायचा. स्विचच्या ट्रिगरला अर्धं कळतच नाही, म्हणून तेच काम दोन बटणांत वाटलं. जुन्या हातांनी दर वेळी चुकीचं बटण दाबायचं आणि मागच्या खुर्चीने वय काढायचं.

निन्टेन्डोने या थ्रीडी संचात निदान उडीला हात लावला नाही. दुसऱ्यांनी तोही लावला: 'क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलजी', ३० जून २०१७, प्लेस्टेशन ४. तिन्ही खेळ नव्याने बांधले आणि तिन्हींना तिसऱ्या भागाची चाल दिली, कारण ती सगळ्यांत सुधारलेली. हे बनवणाऱ्यांनीच पुढे सांगितलं. ऐकायला गोड. पण पहिल्या भागातली अंतरं त्या भागाच्या उडीला मापून ठेवली होती, आणि नव्यात क्रॅश उडी मारल्यावर जरा लवकर खाली येतो. खड्डे पहिल्या भागाचे, उडी तिसऱ्या भागाची. शिवाय क्रॅश कशाला टेकला हे खेळ ज्यावरून ठरवतो तो त्याचा न दिसणारा आकार खालून गोल, गोळीसारखा. काठावर अर्धा पाय टेकला की माणूस ओघळतो. 'द हाय रोड' नावाच्या तुटक्या पुलावर खेळाडूंनी शिव्या घातल्या त्या यामुळे, आणि बराच काळ त्यांनाही हेच ऐकवलं गेलं की तुम्ही म्हातारे झालात.

टीव्हीच्या खोक्यावर रंग किती कोटी ते छापतात, उशीर किती ते छापत नाहीत. तो स्वतः मोजावा लागतो. फोनच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं निवडा, कंट्रोलर आणि पडदा एकाच चौकटीत धरा, उडीचं बटण दाबा. अंगठा खाली गेल्यापासून मारिओचे पाय सुटेपर्यंतची चित्रं मोजा. प्रत्येक चित्र सव्वाचार मिलिसेकंदांपेक्षा किंचित कमी, २४ झाली तर १०० मिलिसेकंद. यात खेळाचा आणि कंट्रोलरचा स्वतःचा वेळही येतो, म्हणून गेम मोड लावून आणि काढून दोनदा मोजा. दोन्हीतला फरक तेवढा टीव्हीचा. विकत घेण्याआधी दुकानातच हे करायला हरकत नाही. सेल्समन थोडा वेळ बघत राहील आणि मग म्हणेल, सर, ह्याच्यात यूट्यूब पण चालतं.