सबबींचा शनिवार-रविवार

हौशी सायकलपटू शर्यतीला जिंकायला जात नाही. जिंकणारे वेगळे, ते शर्यतीआधी फारसं बोलत नाहीत आणि शर्यतीनंतर पोडियमवर असतात. आम्ही बाकीचे जातो ते हरण्याचं एखादं पटण्याजोगं कारण मिळवायला. शनिवारी रोड रेस (सगळे एकदम सुटतात ती) आणि रविवारी टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाशी लढायची ती) असा जोडकार्यक्रम लागला की शुक्रवारपासूनच घसा खवखवायला लागतो. स्टार्ट लाइनवर जरा कान देऊन ऐका. कुणाची झोप झालेली नाही, कुणी परवाच तापातून उठलाय, कुणी 'आपला सहज, पाय मोकळे करायला' आलाय. शर्यत आहे की दवाखान्याबाहेरची रांग, कळत नाही. आणि सगळ्यात जास्त कण्हणारा गडी पहिल्याच चढावर सगळ्यांना सोडून निघून जातो.

रोड रेसमध्ये सबबींना तोटा नसतो, कारण माणसांनाच तोटा नसतो. पुढचा वळणावर नको तिथे ब्रेक मारतो, बाजूचा आडवा येतो, मागचा 'अहो, पुढे व्हा की' म्हणून ओरडतो. शिवाय घोळक्यात आडोसा असतो. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की साधारण ३० टक्के कष्ट वाचतात, घोळक्याच्या पोटात शिरलं तर त्याहून जास्त. त्यामुळे ताशी ४०च्या वेगाने चाललेल्या घोळक्यात बसून मला दर वेळी वाटतं, काय सुंदर सायकल चालवतो आपण!

हा समज चढ लागेपर्यंत टिकतो. पुढच्याचं चाक आणि माझं चाक यांत आधी वीतभर अंतर पडतं. वीतभराचं काय एवढं, म्हणून मी बाटलीकडे हात नेतो, तेवढ्यात ते हातभर होतं. मी सीटवरून उठून पेडल मारतो, छातीतले ठोके कानात ऐकू येतात आणि अंतर सायकलभर होतं. सायकलभर पडलं की संपलं. इतका वेळ दुसऱ्यांच्या अंगावर जाणारा वारा आता आपली चौकशी करायला येतो. घोळका वळणाआड जातो. त्याच्यामागून आयोजकांची गाडी जाते, तिच्यातला माणूस हात हलवतो. मग उरतो रस्ता, आणि जागोजागी उभे असलेले स्वयंसेवक. पहिल्या आलेल्यांसाठी ते ओरडतात, शेवटच्यासाठी टाळ्या वाजवतात. या टाळ्या फार वाईट. 'शाब्बास काका, थोडंच राहिलंय!' थोडं राहिलेलं नसतं, आणि मी काका नसतो. निदान चढाच्या पायथ्याशी तरी नव्हतो.

तरीही शनिवारी मी समाधानाने घरी येतो, कारण दोष द्यायला निम्मा घोळका हाताशी असतो. टाइम ट्रायल नेमकी हीच सोय काढून घेते. एकेकाला मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडतात. ब्रेक मारणारा पुढचा नाही, ओरडणारा मागचा नाही, कुणाच्या पाठीमागे लपायचं तर पाठच नाही.

तयारी मात्र लग्नघरासारखी चालते. अंगाला चिकटलेल्या सूटवर पाठीला नंबर लावायचा, तो असा की वाऱ्यात फडफडता कामा नये. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी ताकद घनाने. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद ३३ टक्के जास्त लागते. हे मी बायकोला समजावत होतो आणि ती तोंडात सेफ्टी पिना धरून माझ्या पाठीमागे उभी होती. "हलू नका हो, टोचेल." टोचली. चारही कोपरे ताणून बसवल्यावर तिने मागे सरकून काम न्याहाळलं, मग पुढे येऊन मला न्याहाळलं. "मागून सगळं ठीक आहे," ती म्हणाली, "वारा अडतोय तो पुढून. पोट आत घ्या." सायकलीचं वजन ६.८ किलोपेक्षा कमी नसावं, असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे. स्वाराच्या वजनाला वर-खाली कुठलीच मर्यादा नाही. त्या मोकळिकीचा मी पुरेपूर फायदा घेतलाय.

सुटताना दोन्ही पाय पेडलला अडकवलेले असतात आणि मागे एक पोरगा सीट धरून उभा असतो. मोठेपणी कुणी आपल्याला असं धरून ठेवण्याचा हा एकमेव प्रसंग. "धरलंय ना रे?" "धरलंय, पण तुम्ही जरा सरळ बसा." पाच, चार, तीन, दोन, एक.

पहिला किलोमीटर फार सोपा जातो, हाच टाइम ट्रायलचा कावा. पाय हलके, पायांची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरवर एरवी न दिसणारे आकडे, डोक्यात बक्षीस घेतानाचं भाषण. तिसऱ्या किलोमीटरला मांड्या विचारतात, हे काय चाललंय? पाचव्याला त्या विचारायचंही सोडून देतात.

माझ्यामागून मिनिटाने सुटणारे पांढऱ्या मिशांचे एक काका होते. गुडघा चोळत म्हणाले होते, "आता काही होत नाही हो आमच्याच्याने." निम्मं अंतर व्हायच्या आतच पाठीमागून डिस्क व्हीलचा, म्हणजे आऱ्यांऐवजी सलग तबकडी असलेल्या चाकाचा, घूंऽऽ असा आवाज यायला लागला. नियम असा की ओलांडणाऱ्याने दोन मीटर बाजूने जावं, आणि ज्याला ओलांडलं त्याने पुढे किमान २५ मीटर मागे राहावं, आडोसा घेऊ नये. काका शिस्तीत बाजूने गेले. वर "छान चाललंय, सोडू नका!" असंही म्हणाले. त्यांच्याकडे बोलायला श्वास शिल्लक होता, हे जास्त लागलं. २५ मीटरचा नियम मी मात्र काडीचेही कष्ट न घेता पाळला.

निकाल लागला आणि मी सबबी चाचपायला बसलो. सायकल जुनी आहे म्हणावं, तर ग्रेम ओब्री आडवा येतो. या स्कॉटिश गड्याने १९९३ साली स्वतः बांधलेल्या सायकलीवर तासाभरात ५१.५९६ किलोमीटर कापून जागतिक विक्रम केला, आणि त्या सायकलीत वॉशिंग मशीनचं बेअरिंग होतं. घरी आल्यावर मी आमच्या मशीनकडे नुसतं पाहिलं, तर आतून बायकोचा आवाज आला, "हात लावायचा नाही."

केसांचंही जमत नाही. १९८९च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी फ्रान्सचा लॉराँ फिन्यों एकूण वेळेत ५० सेकंदांनी पुढे होता. राहिली होती फक्त २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. दुसऱ्या क्रमांकावरच्या अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने निमुळतं हेल्मेट घातलं, हँडलला पुढे दांडे लावले आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी मारली. फिन्यों उघड्या डोक्याने, मागे पोनीटेल उडवत आला होता. ते ८ सेकंद पोनीटेलनेच खाल्ले, असं म्हणणारे आजही भेटतात. (त्याला बसायच्या जागी फोडही झाला होता. सायकलवाल्यांच्या सगळ्या सबबींत मला हीच सर्वांत प्रामाणिक वाटते.) माझ्या पायांवरचे केस मी काढलेत आणि डोक्यावरचे आपले आपणच गेलेत. तिथे उडायला काही नाही.

राहिलं वय. तर २०१७च्या जानेवारीत रॉबेर मार्शाँ नावाच्या फ्रेंच आजोबांनी वयाच्या १०५व्या वर्षी तासात २२.५४७ किलोमीटर सायकल मारली. इथे मी हातच टेकणार होतो, पण पुढची ओळ वाचली आणि एकदम बरं वाटलं. सायकलवरून उतरल्यावर आजोबांनी सांगितलं होतं की शेवटची १० मिनिटं राहिल्याची पाटी आपल्याला दिसलीच नाही, नाहीतर आणखी जोरात गेलो असतो.

मी ताबडतोब आयोजकांकडे चौकशी केली. आमच्या मार्गावरही शेवटच्या टप्प्याची पाटी होती, चांगली मोठी, पिवळी. पण माझ्या चष्म्यावर घाम आला होता.