काचेच्या भिंती आणि पुण्याचे ऊन

बाणेर-खराडीकडे नव्या घराचा किंवा कार्यालयाचा आराखडा ठरू लागला की एक सल्ला हमखास मिळतो, आणि व्हॉट्सॲपवरूनही तो फिरत असतो: भिंतीऐवजी छतापासून जमिनीपर्यंत काच लावा, उजेड भरपूर येतो, वीज वाचते, आणि जुने वाडे अंधारे होते ते काच नव्हती म्हणूनच.

आधी उजेडाचे पाहू. तो खोलीत किती आत पोहोचणार, हे प्रामुख्याने खिडकीचा वरचा काठ किती उंच आहे यावर ठरते. त्या उंचीच्या साधारण दीड ते दोन पट अंतरापर्यंत तो कामापुरता मिळतो. टेबलाच्या पातळीखालची काच टेबलावरच्या कागदाला जवळजवळ काहीच देत नाही.

विजेचा दावा अधिक फसवा आहे. मराठीत ऊन आणि उजेड असे दोन स्वतंत्र शब्द असताना हा सल्ला त्यांची सरमिसळ करतो. लिहिण्यावाचण्याला ३०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) पुरतात. भर दुपारचे थेट ऊन सुमारे १,००,००० लक्सचे असते. पुण्यात मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पण त्याच दिवसांत संध्याकाळी पाचला तो क्षितिजापासून जेमतेम २६-२७ अंशांवर असतो आणि तेवढाच छज्जा पश्चिमेच्या काचेवर फूटभर सावली पाडतो. उरलेल्या साध्या काचेतून उन्हाची सुमारे चार-पंचमांश उष्णता आत येते, डोळे दिपतात, पडदे ओढले जातात, आणि मग एसी व ट्यूबलाइट दोन्ही चालू राहतात. गडद काच लावावी, तर ज्याच्यासाठी काच घेतली तो उजेडच आधी कमी होतो. (उत्तरेची काच त्यामानाने बरी, परंतु मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो, हे आराखड्यात क्वचितच धरले जाते.)

राहिले वाडे. तेथे उजेड चौकातून येत असे: फरशीवरून आणि चुन्याच्या भिंतींवरून परावर्तित होऊन, सोप्यातून, म्हणजे चौकालगतच्या ओसरीतून आत, म्हणजे उन्हाचा ताप बाहेर ठेवून. माजघर अंधारे असे हे मान्यच आहे. परंतु त्याचे कारण काचेचा अभाव नव्हे, चौकापासूनचे अंतर होते. चारही बाजूंनी काच असलेल्या रुंद इमारतीत, खिडकीपासून पंधरा मीटर आत बसणाऱ्याच्या डोक्यावर दिवसभर दिवे लागतात, तेही याच कारणाने.