मावशीला पुरेल

"मावशीला पुरेल," असं परवा एका मुलाने माझ्याबद्दल ठरवून टाकलं. मी त्याला पाहिलेलं नाही. त्याचं खरं नाव मला माहीत नाही आणि माझ्या भाच्यालाही नाही. ऑनलाइन गेममध्ये तो स्वतःला 'डेथ' म्हणवतो, आणि संगणकाच्या बाबतीत सध्या आमच्या घरात त्याचा शब्द शेवटचा.

मी शिकवणीचे व्हिडिओ एडिट करते. जुना डेस्कटॉप एक्स्पोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवायला, लावला की पंखा किंचाळायचा आणि माउस जागच्या जागी थिजायचा. तयार मशीन घ्यावं तर नको त्या गोष्टींचे पैसे भरा. म्हणून सुटे भाग निवडून असेंबल करायचं ठरवलं. एक रक्कम ठरवली, वहीत सात ओळी आखल्या: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट. मॉनिटरही त्याच रकमेत बसवायचा होता.

या धंद्यात नावं ठेवणाऱ्यांना एकदा कुणीतरी नावं ठेवायला हवीत. प्रोसेसरच्या कंपन्या दोन, एएमडी आणि इंटेल. बी५५० हा मदरबोर्ड एएमडीच्या प्रोसेसरचा, बी५६० इंटेलचा. बी६५० पुन्हा एएमडीचा, बी६६० पुन्हा इंटेलचा. दहाचा फरक, आणि तेवढ्यावरून प्रोसेसर हातात राहतो, बसायला जागा नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्ही रॅमना पिना २८८च. फक्त मधली खाच इकडची तिकडे केलेली, म्हणजे एक दुसरीच्या जागी जाता कामा नये. एएमडीचं एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, २०१६ पासून चालत आलेलं, म्हणून स्वस्तात मस्त म्हणतात. पण त्यातल्या जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चालायला आधी बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं, आणि काही बोर्डांवर ते अपडेट करायला आधी जुना प्रोसेसर बसवावा लागतो. किल्ली घरात आणि दाराला कुलूप. एसएमपीएसवर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी पदकं असतात. तीही वीज किती कमी वाया जाते याची. वस्तू किती टिकेल याबद्दल पदक अवाक्षर काढत नाही.

हे सगळं पचवून यादी जवळजवळ पक्की झाली होती, तेवढ्यात भाच्याने ती पाहिली.

"मावशी, थांब. डेथला दाखवतो."

हेडफोन त्याच्या कानावर, त्यामुळे डेथचा आवाज मला येत नव्हता. भाचा दुभाष्या.

"डेथ विचारतोय, बजेट किती?"

मी आकडा सांगितला. त्याने तो माइकमध्ये सांगितला. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

"तो विचारतोय, मॉनिटर सोडून ना?"

"मॉनिटर धरून."

"डेथ? हॅलो? अरे, नेट गेलं का तुझं?"

नेट गेलं नव्हतं. डेथ सावरत होता.

"तो विचारतोय, गेम कुठला खेळणार?"

"गेम नाही. एडिटिंग."

"एडिटिंग म्हणतेय... हो... हो... मावशी, तो म्हणतोय ते कळलं, पण गेम कुठला?"

"कुठलाच नाही रे."

"म्हणजे फावल्या वेळात?"

"मला फावला वेळ नसतो."

भाच्याने हेही इमानाने पोचवलं. पलीकडून उत्तर आलं. "तो म्हणतोय, सॉरी."

साक्षात डेथने माझ्याबद्दल हळहळ व्यक्त केली. इथेच मी उठायला हवं होतं, पण तो यादीला भिडला होता. प्रोसेसर बरा आहे, पण थोडे वाढवले की वरचा येतो. वरचा आला की बोर्ड वरचा लागतो, कारण हा त्याला झेपणार नाही. तो आला की कूलर मोठा. कूलर मोठा म्हणजे कॅबिनेट रुंद. आणि एवढं केल्यावर ग्राफिक्स कार्ड हेच ठेवलं तर बॉटलनेक, म्हणजे एकापायी बाकीचे अडून राहणार. कार्ड वाढलं की एसएमपीएस वाढला. प्रत्येक वेळी 'थोडेच'. थोडे थोडे करत माझी रक्कम दुप्पट झाली. मी म्हटलं, बाळा, पैसे तेवढेच आहेत, काहीतरी काढ. तेव्हा त्याने अगदी समजूतदारपणे मॉनिटर काढला.

"मग मी बघू कशात?"

"तो म्हणतोय, टीव्हीला जोड."

"आणि हे काचेचं कॅबिनेट? दिवेवाले पंखे? ते काढ की."

भाच्याने विचारलं. डेथ बराच वेळ बोलला. भाचा गंभीरपणे मान हलवत होता.

"तो म्हणतोय, मग रात्री दिसणार कसं?"

मी हसले, कारण तोवर मला गंमत वाटत होती. गंमत संपली ती 'एफ'वर. डेथने पैसे वाचवायला म्हणून इंटेलचा शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर सुचवला. हा 'एफ' म्हणजे प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स बंद, म्हणून किंमत कमी. गेमवाल्यांना त्याचं सोयरसुतक नसतं, त्यांच्याकडे वेगळं कार्ड असतंच. पण इंटेलच्या त्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची सोय असते. कॅमेऱ्यातून दाबून आलेलं फुटेज ती पटापट उलगडते, अगदी रंगांची जास्त माहिती असलेलं १० बिट ४:२:२ फुटेजसुद्धा, जे पुष्कळ ग्राफिक्स कार्डांना जमत नाही. माझा कॅमेरा नेमकं तेच फुटेज देतो. मी हे शांतपणे, एकेक करून सांगितलं. भाचा पोचवता पोचवता अडखळला, म्हणून त्याने शेवटी स्पीकरच चालू केला.

तेव्हा डेथचा आवाज पहिल्यांदा ऐकला. अजून फुटलेला नव्हता.

"एक मिनिट हं काकू."

पलीकडे कीबोर्ड वाजत राहिला. मग आवाज आला, पण माझ्यासाठी नाही, भाच्यासाठी. स्पीकर चालू आहे हे तो विसरला असावा. "हां, आहे रे ते तसं. बरोबर बोलतायत. पण एवढं कशाला? एफच घे. मावशीला पुरेल."

बरोबर बोलतायत, पण पुरेल! मी चुकले असते आणि त्याने असं म्हटलं असतं तर गिळलं असतं. मी पुढे काही म्हणणार, तेवढ्यात पलीकडे दार वाजलं, एका बाईचा आवाज आला, "उद्या शाळा आहे ना?" आणि डेथ ऑफलाइन गेला.

पोराचं सोडा. पण मोठी माणसं तरी काय वेगळं करतात? भावोजी म्हणाले, "तू कशाला डोकं घालतेस? आमच्या ऑफिसातल्या मुलाला विचारतो." सोसायटीतल्या एकांनी यादी न बघताच विचारलं, "कोणी काढून दिली?" वीस वर्षं मी याच मशीनवर पोट भरतेय. पण माझ्या कामाला किती लागतं हे मला सोडून सगळ्यांना कळतं.

आणि हे 'थोडे वाढव'वाले! वाढवायला असते तर मी वही घेऊन बसले असते का? बाजाराला तर आमच्यासारख्यांचं कधीच पडलेलं नाही. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्ड क्रिप्टोवाल्यांनी मायनिंगला, म्हणजे आभासी नाणी कमवायला, पोत्याने उचलली, साधं कार्ड दुप्पट भावात मिळेना. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या नाण्याचं मायनिंग बंद झालं तेव्हा तीच राबवून घेतलेली कार्डं जुन्या बाजारात आली, 'फारशी वापरलेली नाहीत' म्हणून. आता एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी, म्हणून २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव पेटले. माझ्या यादीत ज्या एका ओळीला कुणी बोट लावलं नव्हतं ती ३२ जीबीची ओळ होती, १६च्या दोन पट्ट्या. दोनच हव्यात, कारण जोडीने लावल्या की ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी एकदम, चालतात. यादीवर चर्चा चालू असतानाच ती ओळ एवढी वर गेली की आता एकच पट्टी घेतली आहे. दुसरीची जागा रिकामी. कुठल्यातरी यंत्राला कुणाच्यातरी मांजराचं चित्र काढता यावं म्हणून माझा एक्स्पोर्ट रेंगाळणार.

मशीन मात्र माझ्याच यादीने आलं. 'एफ' नसलेला प्रोसेसर, मधलं कार्ड, पत्र्याचं बंद कॅबिनेट, दिवा एकच, चालू-बंदचा. जोडल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी चालू केलं, नाहीतर ती छापील वेगाने पळतच नाही. जे फुटेज टाइमलाइनवर अडखळायचं ते आता सरळ चालतं.

रविवारी भावोजी आले. त्यांनी मशीन चालू करायला लावलं, एक व्हिडिओ पुढे-मागे ओढून पाहिला, वाकून पंख्याचा आवाज ऐकला. आवाज नव्हता.

"छान झालंय हो. निवडलं कोणी?"

मी तोंड उघडेपर्यंत ताई आतून म्हणाली, "आमच्या पोराचा एक मित्र आहे ना, त्याने."

भावोजींनी लगेच फोन काढला. त्यांच्या ऑफिसला नवी मशीन घ्यायची आहेत. त्यांना डेथचा नंबर हवा होता.